वाळूचा हिशेब मागा: बॅरियर बेटांच्या पुळणी वाचवण्यासाठी रहिवाशांनी काय करावं

मोठं वादळ ओसरलं की अशा बेटांवर एक ठरलेलं दृश्य दिसतं. वाळूच्या टेकडीची समुद्राकडची बाजू सुरीने कापावी तशी उभी तुटलेली असते. पुळणीवर उतरणारा लाकडी जिना अधांतरी लोंबकळत असतो. संध्याकाळी लोक सभेला जमतात आणि पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "आता भिंतच बांधायला हवी." हा लेख त्या सभेच्या आधी वाचण्यासाठी आहे.

बॅरियर बेट म्हणजे मुख्य किनाऱ्याला समांतर पसरलेला, वाळूचा लांबट आणि चिंचोळा पट्टा. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण किंवा उथळ उपसागर. जगात अशी बेटं बऱ्याच ठिकाणी आहेत, पण अमेरिकेच्या अटलांटिक आणि गल्फ किनाऱ्यांवर त्यांची रांगच्या रांग लागते: न्यूयॉर्कचं फायर आयलंड, न्यू जर्सीचं लाँग बीच आयलंड, मेरीलँड आणि व्हर्जिनियाचं असाटीग, नॉर्थ कॅरोलायनाचे आऊटर बँक्स, टेक्ससचं गॅल्व्हेस्टन. पुळण वाचवण्यासाठी लोकांनी संघटित होण्याचा सर्वांत जुना आणि बोलका अनुभव इथेच सापडतो, म्हणून कायदे, खाती आणि उदाहरणं मी तिथलीच घेतली आहेत. तुम्ही तिथे राहत असाल, तिथे तुमचं घर असेल किंवा दर उन्हाळ्यात त्याच पुळणीवर जात असाल, तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

आधी बेट समजून घ्या

बॅरियर बेट एका जागी थांबणारी वस्तू नाही. लाटा किनाऱ्यावर तिरप्या येतात आणि वाळूला किनाऱ्यालगत पुढे पुढे ढकलत नेतात. तुमच्या पुळणीवरची आजची वाळू काल शेजारच्या गावाची होती आणि उद्या पलीकडच्या गावाची होणार आहे. मोठ्या वादळात पाणी बेटावरून पलीकडे वाहतं, समुद्राकडची वाळू उचलतं आणि खाजणाच्या बाजूला नेऊन टाकतं. घरमालकाला हे नुकसान वाटतं, पण बेटाच्या दृष्टीने ही वाटचाल आहे. पुढून झिजायचं, मागे भर घालायची आणि वाढत्या समुद्रपातळीबरोबर मुख्य किनाऱ्याकडे सरकत राहायचं, अशीच ही बेटं हजारो वर्षं टिकली.

मग 'धूप' म्हणजे नेमकं काय? इथे तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली ऋतूंची ये-जा. हिवाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून जवळच्या पाण्याखालच्या दांड्यावर ठेवतात आणि उन्हाळ्यातल्या शांत लाटा ती परत आणतात. दुसरी बेटाची संथ, नैसर्गिक सरक. तिसरी, आणि लढा खरं तर हिच्याशी आहे, माणसाने अडवलेली वाळू. बोटींसाठी खोदलेलं खाडीचं तोंड, त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्रात घुसलेले दगडी बांध, किनाऱ्याला काटकोनात टाकलेले ग्रोइन नावाचे आखूड बांध, हे सगळं वाळूच्या वाटेत आडवं येतं.

असाटीगची गोष्ट हे सगळ्यात स्पष्ट दाखवते. ऑगस्ट १९३३ च्या वादळात मेरीलँडमधल्या ओशन सिटीच्या दक्षिणेला जमीन फुटून समुद्राला वाट मिळाली. ती मासेमारीच्या बोटींना सोयीची वाटली, म्हणून दगडी बांध घालून कायमची उघडी ठेवली गेली. उत्तरेकडून येणारी वाळू ओशन सिटीच्या बाजूला आणि मुखाजवळच्या दांड्यांवर अडकू लागली. दक्षिणेचं असाटीग उपाशी राहिलं आणि त्याचा उत्तर भाग भराभर मुख्य किनाऱ्याकडे मागे सरकला. आज नकाशावर ओशन सिटीचं बेट आणि असाटीग ही दोन बेटं एका ओळीत दिसतच नाहीत. २००४ पासून त्या मुखाभोवती साचलेली वाळू वर्षातून साधारण दोनदा ड्रेजरने उचलून असाटीगच्या उत्तर टोकासमोर टाकली जाते. वाळू कुठे अडकली हे मोजमापाने दाखवता आलं, म्हणूनच ती पुढे पोहोचवण्याची व्यवस्था उभी राहू शकली.

माझ्या दृष्टीने रहिवाशांच्या चळवळीचा कणा इथेच आहे. भिंत मागण्याआधी वाळूचा हिशेब मागा. वाळू येते कुठून, जाते कुठे, मध्ये कुणी अडवली आणि अडवलेली वाळू नेऊन कुठे टाकली?

मोजमाप सुरू करा, आजपासून

"आमची पुळण खूप आक्रसली आहे" हे वाक्य सुनावणीत काहीच करत नाही. तिथे बसलेल्या अभियंत्याने ते शंभर वेळा ऐकलेलं असतं. पण "या सहा ठिकाणी गेल्या २४ महिन्यांत दर महिन्याला घेतलेले छेद, म्हणजे पुळणीच्या चढ-उताराच्या नोंदी, हे आहेत" असं म्हणून कागद पुढे सरकवलात, तर त्याला ते वाचावेच लागतात.

त्यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. के. ओ. एमरी या सागर-भूशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत आजही स्वयंसेवक वापरतात. दीड मीटर लांबीच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकाला शून्य धरून खालपर्यंत सेंटिमीटरच्या खुणा करा. दोन्ही काठ्यांमध्ये दोन मीटरची न ताणणारी दोरी बांधा. टेकडीच्या मागे, वादळात हलणार नाही अशी एक पक्की खूण निवडा, म्हणजे रस्त्याकडेचा खांब किंवा इमारतीचा कोपरा, आणि तिचे जीपीएस अंक लिहून ठेवा. सुरुवात दर वेळी तिथूनच करायची.

एकाने खुणेपाशी काठी उभी धरायची, दुसऱ्याने समुद्राच्या दिशेने दोरीभर पुढे जाऊन आपली काठी उभी करायची. मागचा माणूस पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आणतो आणि ती रेषा आपल्या काठीला जिथे छेदते तो अंक वाचतो. जमीन तेवढे सेंटिमीटर उतरली. पुढे चढ असेल तर उलट करायचं: आपल्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहायचं आणि ती रेषा पुढच्या काठीवर कुठे पडते ते वाचायचं. अंक लिहा, मागची काठी पुढच्या जागी आणा, पुन्हा तेच. पाण्यापर्यंत पोहोचलात की उतार-चढावांची बेरीज करत जा, पुळणीचा छेद कागदावर उमटतो. धुक्याच्या दिवशी मात्र हे जमत नाही, क्षितिज दिसावं लागतं.

नियम थोडेच, पण काटेकोर. मोजणी ओहोटीलाच करा. महिन्यातून एकदा करा, शिवाय प्रत्येक मोठ्या वादळाआधी आणि नंतर करा. तारीख, वेळ, वारा आणि लाटा कशा होत्या, मोजणारे कोण होते, हे दर वेळी लिहा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जानेवारीची तुलना जुलैशी कधीही करू नका. या एका चुकीने चांगल्या चांगल्या गटांची विश्वासार्हता गेलेली आहे, कारण समोरचा तज्ज्ञ ऋतूंचा फरक पहिल्याच प्रश्नात काढतो. जानेवारी जानेवारीशी, जुलै जुलैशी.

दोन वर्षांच्या छेदांमधून आकडा कसा काढायचा तेही सांगतो. समजा, एका छेदात एका वर्षात २० चौरस मीटर क्षेत्रफळ कमी झालं. आजूबाजूच्या एक किलोमीटरची स्थिती तशीच असेल, तर २०,००० घनमीटर वाळू गेली. एका ट्रकमध्ये १० घनमीटर धरले तर २,००० खेपा. हा शेवटचा आकडा नगरपरिषदेच्या सदस्याला लगेच कळतो, चौरस मीटर कळत नाहीत.

याच्या जोडीला फोटो हवेत. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये सिडनीजवळ सुरू झालेल्या कोस्टस्नॅप उपक्रमाची कल्पना साधी आहे. पुळण दिसेल अशा उंच जागी मोबाइल ठेवण्याची धातूची खाच बसवायची, येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच कोनातून फोटो काढतो आणि पाठवतो. तुमच्या बेटावर तसा खांब बसवायला परवानगी मिळाली तर उत्तमच. नाही मिळाली तर एखाद्या पायवाटेच्या कठड्यावर रंगाची खूण करून तिथूनच फोटो काढत राहा. जुन्या काळासाठी वयस्क रहिवाशांचे कौटुंबिक अल्बम मागा. लग्नाच्या किंवा सहलीच्या फोटोत मागे दिसणारी पुळण किती रुंद होती, हे कधी कधी सरकारी नकाशापेक्षा स्पष्ट दिसतं.

कागद मागवा

पुळण मोजणं निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कार्यालयांच्या कपाटात असतं.

अमेरिकेत बंदरांच्या आणि खाड्यांच्या वाटा खोल ठेवण्याचं काम आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स (पुढे नुसतं 'कोर') या लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाकडे असतं. तुमच्या बेटाच्या वरच्या अंगाला, म्हणजे वाळू जिकडून येते तिकडे, असं मुख असेल तर माहिती अधिकाराच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्याखाली एकच नेमका प्रश्न विचारा: गेल्या ३० वर्षांत या मुखातून दर वर्षी किती गाळ आणि वाळू उपसली आणि ती कुठे टाकली? कायद्यानुसार कार्यालयाने साधारण २० कामकाजाच्या दिवसांत निर्णय कळवायचा असतो, कागद हाती यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. चांगली वाळू खोल समुद्रात नेऊन टाकली जात असल्याचं त्या कागदांत दिसलं, तर तुमच्या चळवळीला तिचा मुख्य मुद्दा मिळाला.

दोन कलमं लक्षात ठेवा. १९६८ च्या नदी व बंदर कायद्याचं कलम १११ सांगतं की फेडरल जलमार्गाच्या बांधकामामुळे किनाऱ्याचं नुकसान होत असेल तर ते रोखण्याचा किंवा कमी करण्याचा अभ्यास आणि काम कोर हाती घेऊ शकतं. १९९२ च्या जलसंपदा कायद्याचं कलम २०४ उपसलेली वाळू फेकण्याऐवजी उपयोगात आणायची वाट देतं. रहिवाशांच्या पत्रात ही कलमं क्रमांकासह आली की पत्र वेगळ्या टेबलावर जातं.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट तपासा. १९८२ च्या कोस्टल बॅरियर रिसोर्सेस कायद्याने अनेक अविकसित बॅरियर भाग नकाशावर आखून दिले आहेत. त्या रेषांच्या आत नव्या बांधकामाला फेडरल पूरविमा मिळत नाही आणि बहुतेक फेडरल खर्चाला मनाई आहे. हे नकाशे यू. एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे कुणालाही पाहता येतात. तुमची पुळण त्या रेषेच्या आत असेल तर फेडरल पैशाने वाळूभरण, म्हणजे बाहेरून वाळू आणून पुळणीवर टाकणं, मागण्यात दोन वर्षं घालवू नका. मात्र तुमच्या शेजारची मोकळी जागा त्या रेषेत असेल, तर ती रेषा जपणं हेही तुमचंच काम आहे. मोकळ्या पट्ट्यावर वादळाची वाळू पसरू शकते, बेटाला हालचालीला जागा मिळते.

माणसं जोडा, आणि सगळी जोडा

पुळण वाचवण्याच्या गटात बहुधा आधी समुद्रासमोरचे घरमालक येतात. त्यांची भीती खरी आहे. पण गट तेवढ्यांचाच राहिला तर बाकीचं बेट त्याकडे "त्यांच्या घरासाठी आमचा कर" म्हणून पाहतं आणि मतदानात ते दिसतं. आऊटर बँक्सच्या डेअर काउंटीत २००६ मध्ये वाळूभरणासाठीचा विक्रीकर मतदारांनी फेटाळला. पुढे नॅग्ज हेड या गावाने वेगळी आखणी केली. समुद्रालगतच्या मालमत्तांवर विशेष कर, पर्यटकांच्या मुक्कामावरच्या करातला वाटा, आणि २०११ मध्ये सुमारे १६ किलोमीटर पुळणीवर साधारण ३५ लाख घनमीटर वाळू पडली. ज्याला थेट फायदा त्याच्यावर अधिक भार आणि जो सुट्टीला येतो त्याचाही हातभार, ही वाटणी लोकांना पटण्यासारखी होती.

म्हणून पहिल्या सभेलाच खाजणाच्या बाजूचे रहिवासी बोलवा, भाड्याने राहणारे बोलवा, मासेमार, सर्फर, पक्षीनिरीक्षक आणि कासवांची घरटी जपणारे बोलवा. हॉटेलांत काम करणाऱ्यांना विसरू नका, पुळण गेली की पहिला रोजगार त्यांचा जातो. सगळ्यांचं एकमत होईल असं मुळीच नाही. वाद सभेतच होऊ द्या. तो सुनावणीच्या दिवशी सरकारी अधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदा उफाळला, तर निर्णय पुढे ढकलायला त्यांना आयतं कारण मिळतं.

फायर आयलंडच्या रहिवाशांकडून शिकण्यासारखं आहे. मार्च १९६२ च्या भीषण वादळानंतर रॉबर्ट मोझेस या तेव्हाच्या अत्यंत प्रभावशाली अधिकाऱ्याने बेटाच्या लांबीभर रस्ता काढण्याची योजना जोरात पुढे रेटली. रस्त्यामुळे बेट घट्ट बांधलं जाईल, असा दावा होता. रहिवासी एकत्र आले, पण ते 'रस्ता नको' एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी पर्याय पुढे केला: बेटाला राष्ट्रीय समुद्रकिनाऱ्याचा दर्जा द्या. सप्टेंबर १९६४ मध्ये तो कायदा झाला. रस्ता झाला नाही. हातात पर्याय घेऊन गेलेल्या लोकांना उडवून लावणं अवघड असतं.

काय मागायचं ते ठरवा

इथे जरा रेंगाळावंच लागेल, कारण चुकीची मागणी मान्य होणं हे मागणी नाकारली जाण्याहून वाईट असतं.

समुद्रभिंत मागच्या इमारतींचं रक्षण करते, पुळणीचं नाही. गॅल्व्हेस्टनमध्ये सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात किमान सहा हजार माणसं गेली. त्यानंतर तिथे १७ फूट उंच भिंत उभी राहिली आणि १९१५ च्या वादळात तिने शहर राखलं. अशा ठिकाणी भिंतीला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण त्या भिंतीसमोरची पुळण झिजत गेली आणि आज तिथे वाळू आणून टाकावी लागते. मागे सरकणाऱ्या किनाऱ्यावर भिंत उभी केली की पुळणीला सरकायला जागाच उरत नाही. तुमच्या गटाचं ध्येय 'पुळण' असेल, तर हे पत्रकात स्पष्ट लिहा. नॉर्थ कॅरोलायनाने १९८५ पासून समुद्रालगत अशा कायमच्या कठीण बांधकामांना मनाई केली आणि २००३ मध्ये ती कायद्यात आणली, पुढे काही मोजके अपवाद मान्य झाले. आऊटर बँक्सवर आजही मैलोन्मैल मोकळी पुळण दिसते, त्यामागे या नियमाचा मोठा हात आहे.

ग्रोइन म्हणजे तर शेजाऱ्याच्या ताटातला घास. न्यूयॉर्कच्या वेस्टहॅम्प्टनमध्ये १९६० च्या दशकात सुरुवात होऊन १९७० पर्यंत १५ ग्रोइन झाले. त्यांच्यामध्ये वाळू साठली, पण पश्चिमेच्या पुळणीला मिळणारी वाळू आटली. तिथली घरं एकामागून एक समुद्रात गेली आणि डिसेंबर १९९२ च्या वादळात बेटच फुटलं. रहिवाशांचा खटला १९९४ मध्ये तडजोडीने मिटला, त्यात पुढची अनेक वर्षं वाळू भरत राहण्याची जबाबदारी सरकारवर आली. तुमच्या बेटावर कुणी ग्रोइन सुचवले तर पहिला प्रश्न असा विचारा: वाळू वाहते त्या दिशेला पुढे कोण राहतं आणि त्यांना या सभेला बोलावलं आहे का?

वाळूभरण मागत असाल तर ते एकदाच होणारं काम नाही, हे आधी स्वतःच्या लोकांना सांगा. काही वर्षांनी पुन्हा भरावं लागतं. नॅग्ज हेडने २०१९ मध्ये तेच केलं. कोरच्या किनारा संरक्षण प्रकल्पांची आखणी सहसा ५० वर्षांची असते. सुरुवातीच्या कामाचा ६५ टक्के खर्च फेडरल आणि ३५ टक्के स्थानिक, आणि नंतरच्या भरणाचा निम्मा निम्मा, असं साधारण सूत्र आहे. अट मात्र एक आहे: पुळण सर्वांसाठी खुली हवी, साधारण दर अर्ध्या मैलावर सार्वजनिक वाट आणि पुरेशी वाहनतळाची सोय हवी. खासगी म्हणून कुंपण घातलेल्या पुळणीला हा पैसा मिळत नाही. एखाद्या गल्लीच्या तोंडाशी 'प्रवेश बंद' पाटी लावणाऱ्या शेजाऱ्याला हे शांतपणे समजावणं, हे तुमच्या गटाच्या सर्वांत नाजूक कामांपैकी एक.

वाळू कशी आहे याचाही आग्रह धरा. कण किती जाड, रंग कोणता, चिखल किती, हे आधी तपासलं गेलं पाहिजे. फार बारीक वाळू लवकर वाहून जाते. गडद वाळू जास्त तापते आणि समुद्री कासवांच्या अंड्यांत मादी-नर ठरतात तेच वाळूच्या तापमानावर, गरम वाळूत माद्या अधिक होतात. घट्ट दाबली गेलेली वाळू कासविणीला उकरता येत नाही. कामाचा काळ ठरवताना दक्षिणेकडच्या राज्यांत घरट्यांचा उन्हाळी हंगाम सांभाळायला सांगा.

सर्वांत स्वस्त आणि लोकांच्या हातातला उपाय म्हणजे वाळूच्या टेकड्या जपणं. न्यू जर्सीतल्या मिडवे बीचच्या रहिवाशांनी अनेक वर्षं कुंपणं घालून, गवत लावून टेकडी वाढवली आणि ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात तिने मागची घरं वाचवली. उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर बीचग्रास लावतात, ते थंडीत, रोप सुप्त असताना. दक्षिणेकडे सी ओट्स हे गवत लागतं, ते उबदार दिवसांत. सी ओट्स तोडायला अनेक राज्यांत कायद्याने मनाई आहे, म्हणून रोपं परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्या. लाकडी पट्ट्यांचं कुंपण सलग घालू नका. लहान लहान तुकड्यांत, तिरपं घाला, म्हणजे कासवांना वाट राहते. आणि माणसांना टेकडीवरून नेणारा उंच लाकडी पूल द्या. पायवाटेने पडलेल्या खाचेतूनच वादळाचं पाणी आत शिरतं.

माघार हाही एक पर्याय आहे आणि तो सभेत मोठ्याने उच्चारला गेला पाहिजे. केप हॅटेरसचा दीपस्तंभ १८७० मध्ये बांधला तेव्हा समुद्र खूप दूर होता. पुढे तो पायथ्याशी आला आणि १९९९ मध्ये तो अख्खा मनोरा २३ दिवसांत सुमारे ८८० मीटर आत सरकवला गेला. स्थानिकांमध्ये तेव्हा मोठा विरोध होता. त्याच बेटावरच्या रोडँथीत २०२० पासून दहाहून अधिक घरं समुद्रात कोसळली, त्यांचे खिळे आणि लाकडं मैलोन्मैल पुळणीवर पसरली. २०२३ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान सेवेने धोक्यातली दोन घरं विकत घेऊन पाडली. मला हा मार्ग कोसळण्याची वाट पाहण्यापेक्षा कितीतरी माणुसकीचा वाटतो. ज्यांची घरं जाणार त्यांना बाजारभाव, वेळ आणि पर्यायी जागा मिळावी ही मागणीही तुमच्या यादीत असू द्या.

जमिनीचे हक्क आधीच सोडवा

टेकडी बांधायची तर ती कुणाच्या तरी जमिनीवर उभी राहते आणि मालकाने त्या पट्ट्याचा वापराचा हक्क लिहून द्यावा लागतो. इथे अनेक प्रकल्प अडकतात. "टेकडीने माझं समुद्रदर्शन जाईल" ही तक्रार हमखास येते. लाँग बीच आयलंडवरच्या हार्व्ही सीडर्समध्ये अशाच एका प्रकरणात ज्युरीने मालकांना ३,७५,००० डॉलर भरपाई दिली होती. जुलै २०१३ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. दृश्य अडल्याचं नुकसान मोजताना टेकडीमुळे घराला मिळालेलं संरक्षणही मोजलं पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. अखेर ते प्रकरण एका डॉलरवर मिटलं.

तरी कोर्टाची भाषा शेवटी ठेवा. आधी दारोदार जा. त्याच गल्लीत सही केलेला शेजारी सोबत न्या, वादळाआधीचे आणि नंतरचे छेद दाखवा, टेकडीची नेमकी उंची काठी उभी करून दाखवा. बऱ्याच जणांची भीती कागदावरच्या रेखाटनाची असते, प्रत्यक्ष उंचीची नसते.

सुनावणीत

पाण्यात किंवा पाणथळ जागेत भराव घालणाऱ्या कामासाठी कोरकडून जाहीर सूचना निघते आणि अभिप्रायासाठी बहुधा १५ ते ३० दिवस मिळतात. एवढ्या वेळात अभ्यास होत नाही, म्हणून जिल्हा कार्यालयाच्या सूचनांची ईमेल यादी आधीच लावून घ्या आणि ती रोज पाहणारा एक माणूस नेमा.

लेखी अभिप्राय लिहिताना अहवालाचं पान आणि परिच्छेद सांगा, तिथे काय म्हटलं आहे ते लिहा, तुमचं मोजमाप काय दाखवतं ते जोडा आणि शेवटी नेमकी मागणी करा. पाचशे लोकांनी एकच छापील मजकूर पाठवण्यापेक्षा वीस जणांनी वीस वेगळे, ठोस मुद्दे मांडणं जास्त उपयोगाचं. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं तर वेळेत नोंदवलेले मुद्देच सहसा कामी येतात.

तोंडी बोलायला तीन मिनिटं मिळतील असं धरून चाला. एकाने आकडे, एकाने उपजीविका, एकाने मागणी, अशी वाटणी करा. एकच नकाशा सगळ्यांनी वापरा. रागाला जागा द्यायची असेल तर ती ज्याचं घर गेलं त्याला द्या, बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहावं. सभा संपल्यावर दोन दिवसांत अधिकाऱ्याला पत्र पाठवा: तुम्ही अमुक अभ्यास करून घ्यायचं मान्य केलंत, तो कधीपर्यंत होईल? तोंडी आश्वासनाला तारीख चिकटवायची हीच वेळ.

पुढच्या वादळाची तयारी

किनाऱ्याचे बरेच निर्णय वादळानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतात, तेव्हा पैसा येतो आणि घाईही असते. फायर आयलंडवर सँडीने ओल्ड इनलेटपाशी बेट फोडलं, तेव्हा ते लगेच बुजवा असा मोठा दबाव होता. ती जागा संरक्षित वन्यक्षेत्रात असल्याने उद्यान सेवेने वाट पाहून मोजमाप केलं. त्या मुखामुळे बेटामागच्या ग्रेट साऊथ बे या उपसागराच्या त्या भागातलं पाणी स्वच्छ झालं आणि भीती होती तसा पूर वाढला नाही. प्रत्येक फाट असं फळ देईल असं नाही. पण फाट बुजवायची की राखायची, याचे निकष शांत दिवसांतच गावाने ठरवून नगरपरिषदेच्या ठरावात लिहून घेतले, तर त्या घाईत हाताशी काहीतरी असतं.

ठरावासोबत एक पिशवीही तयार ठेवा. त्यात दोन काठ्या, दोरी, वही, पेन्सिली, खुणांचे जीपीएस अंक लिहिलेला जाड कागद आणि चार माणसांची नावं, कोण कुठल्या खुणेवर जाणार ते. यंत्रं वाळू ढकलायला येण्याआधी, प्रशासनाने परत जायची परवानगी दिल्यावरच्या पहिल्या ओहोटीला, प्रत्येक जोडीने आपापल्या खुणेपासून छेद घ्यायचा. पाण्याने आणून टाकलेल्या काड्या-शेवाळाची सर्वांत वरची रेषा कुठे आहे तिचा फोटो घ्यायचा, पुढच्या पावसात ती जाते. संध्याकाळी सगळ्या वह्या एकत्र करून मागच्या महिन्याच्या छेदांशेजारी ठेवायच्या आणि त्याच रात्री त्याची एक प्रत कोरच्या जिल्हा कार्यालयाला, एक राज्याच्या किनारा खात्याला पाठवायची.